स्टेपनीतले देव

आमच्या ह्यांनी जुनी जीप घेतली तेव्हा मला वाटलं, बरं झालं, वैजापूरच्या शेतावर जायला वाहन झालं. पण जीप शेतावर गेली ती एकदाच, आणि तीही कपाशीत उभी राहून फोटो काढायला. बाकी सगळा काळ तिचा मुक्काम शहागंजच्या मागच्या गल्लीत, करीम मिस्त्रींच्या गॅरेजात.

पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेली माणसं सकाळी फिरायला जातात, पेपर वाचतात. ह्यांना एकच ध्यास लागला. जीपमध्ये जागा करायची. मागचं सीट अर्धं कापलं, कापलेल्या जागी प्लायवूडचे दोन लांब खण बसवले. ओढले की सरसर बाहेर येणारे. खणांवर फळी, फळीवर एक छोटा फ्रिज. टपावर लोखंडी नळ्यांचं कॅरियर. कॅरियरच्या कडेला पाण्याचा मोठा कॅन, त्याला तोटी. दारांना आतून जाळीचे खिसे. हातभर जागा दिसली की हे खिशातला टेप काढून मोजायचे आणि रात्री जेवताना सांगायचे, "आज अजून एक कोपरा निघाला." घरात डाळींचे डबे ठेवायला एक फळी मारून द्या, असं मी दोन दिवाळ्यांपासून सांगत होते. तो कोपरा काही निघाला नव्हता.

ह्यांचे खात्यातले जुने स्नेही आप्पासाहेब. दोघांनी पौषात जीप घेऊन कच्छच्या रणात जायचं ठरवलं. येताना सोमनाथ, आणि सोमनाथाच्या पायाशी समुद्र. ओसरीत चहा पिता पिता दोघं नकाशा बघत होते. मी बशी ठेवायला गेले आणि म्हणाले, "मलाही समुद्र बघायचाय."

मी हळू बोलते. ते लोकांना एकदम ऐकू येत नाही, म्हणून मला एकच गोष्ट दोनदा म्हणायची सवय लागलीय.

"मलाही समुद्र बघायचाय."

हे नकाशावरून वर बघायला तयार नव्हते. "तू ये गं, मनकर्णा. पण तुझे देव कुठं बसायचे?"

इथं माझा नेम सांगायला हवा. माझ्याकडे महादेवाची पिंड आहे, नर्मदेतला काळा गुळगुळीत बाण. सासूबाईंनी जाताना माझ्या हातात दिली. सकाळी आंघोळ झाली की माझं मौन सुरू होतं. पिंडीला पाणी घालून, पूजा, आरती होईपर्यंत मी बोलत नाही आणि माझ्या तोंडात पाण्याचा थेंब जात नाही. आजवर एक दिवस चुकला नाही. देव बरोबर नेता येतात, पण एसटीतल्या रेटारेटीत सोवळं कुठलं राहायला? सासूबाई त्यामुळे कधी मुक्कामाला गेल्या नाहीत, आणि मीही नाही. साठी जवळ आली, पण समुद्र मी कॅलेंडरवरच पाहिलेला.

"जीपमध्ये बसतील," मी म्हणाले.

"जीपमध्ये कुठं?"

"मांडीवर घेते."

"आणि खड्ड्यात गाडी आदळली की महादेव माझ्या टाळक्यात! अगं, एकटी पिंड असती तर गोष्ट वेगळी. तुझ्या देवांचं वऱ्हाड लई मोठं. ताम्हन, पळी, निरांजन, सहाण, घंटा, सोवळ्याचं लुगडं. कुठं घालू? फ्रिज काढू का?"

"काढ की," आप्पासाहेब म्हणाले. "त्या फ्रिजात असतं काय तात्या?"

"ते अजून ठरलं नाय," हे म्हणाले.

आप्पासाहेबांना हसू आवरेना. ह्यांचा चेहरा पडला, आणि तेवढ्या तिरमिरीत हे बोलून गेले, "ठीक हाय. माझी एक इंच जागा न घेता, मांडीवर न घेता, पिशवी-गाठोडं न आणता, तुझी अख्खी पूजा त्या जीपमध्ये बसवून दाखव. सोमवारी आपण म्हैसमाळला चाचणी घेतोय. पहाटे निघायचं, पूजा डोंगरावर करायची. जमली, तर तुला सोमनाथाला नेतो, समुद्रात उभी करतो. आप्पा साक्षीला हाय."

"आणि नाही जमली तर?"

"तर तिकडून शंख आणीन."

"बरं," मी म्हणाले.

हे खूश झाले. माझ्या 'बरं'मध्ये किती जागा असते, ते ह्यांनी कधी मोजलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा उरकून मी करीमभाईंच्या गॅरेजात गेले. करीमभाईंचं घर गॅरेजच्या वरच. त्यांची बायको ताहेरा चहा घेऊन खाली आली आणि माझ्यासाठी स्टुलावर पेपर अंथरला. मी सगळं सांगितलं. करीमभाईंनी दोन्ही हात वर केले.

"भाभी, माफ करो. साहेबांना कळलं तर माझाच पान्हा माझ्या डोक्यात."

"नसेल जमत तर राहू द्या," मी म्हणाले. "हे म्हणतच होते. करीमच्या हातून आता त्या गाडीत बोटसुद्धा शिरणार नाही, असं."

"काय म्हणले?"

"बोटसुद्धा शिरणार नाही, असं."

करीमभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "ऐसा बोले? बोट? अहो, या हातांनी मिलिटरीच्या गाड्या उघडल्या!"

मी खोटं बोलले नव्हते. हे अगदी असंच म्हणाले होते. फक्त आप्पासाहेबांपुढे छाती फुगवून, करीमनं इंचभरही जागा वाया घालवली नाही असं त्यांचं कौतुक करताना म्हणाले होते. तेवढं कौतुक सांगायचं माझ्याकडून राहिलं.

करीमभाई जीपभोवती फिरायला लागले. "सीटखाली चार बोटं जागा आहे, भाभी. साहेबांच्या ध्यानात नाही. तिथं टाकू."

"देवांच्या डोक्यावर मी बसू?"

त्यांनी कानाच्या पाळ्या पकडल्या. "तौबा, तौबा. मग पायाजवळ, गिअरच्या बाजूला…"

"अहो, काय बोलताय?" ताहेरा मध्येच म्हणाली. "आपण कुराण शरीफ सगळ्यात वरच्या फळीवर ठेवतो आणि त्यांचे देव पायात ठेवता? भाभी, यांना फक्त मापं कळतात."

"आमच्याकडंही तेच आहे," मी म्हणाले. दोघींचं तिथंच जमलं.

वर ठेवावं तर कॅरियरवर ह्यांचा तंबू, घडीच्या खुर्च्या, घडीचं फावडं. आत ठेवावं तर प्रत्येक इंचावर ह्यांचं नाव. ताहेरा कपबशा उचलून निघाली आणि जाता जाता जीपच्या मागं थबकली. मागच्या दाराला स्टेपनी उभी टांगलेली, वर काळं रेक्झिनचं कव्हर.

"इसके पेट में क्या है जी?" तिनं विचारलं.

"काय असणार? रिम."

"खाली है ना?"

करीमभाईंनी कव्हर उतरवलं. टायरच्या मधोमध परातीसारखी खोलगट गोल जागा. वर कोणी बसत नाही, खाली कोणाचे पाय येत नाहीत, आणि जमिनीपासून चांगली कमरेएवढी उंच. मी वीत लावून बघितली, आणि मला माझ्या ओट्यावरचा मसाल्याचा डबा आठवला. गोल, आत सात वाट्या, मध्ये एक आणि भोवती सहा.

बोहरी गल्लीतून नवाकोरा स्टीलचा डबा आणला. मधल्या वाटीत पिंड. मोहरीच्या जागी हळद, जिऱ्याच्या जागी कुंकू, मग अक्षता, अष्टगंध, कापूर, आणि एका वाटीत निरांजन. वाट्यांवर चपटं ताम्हन, त्यात पळी, मग झाकण. करीमभाईंनी रिमच्या मधल्या बोल्टवर एक कडी बसवली. डबा तीत ठेवायचा आणि पंखाचा नट चिमटीनं फिरवायचा. वर रेक्झिनचं कव्हर. बाहेरून बघणाऱ्याला स्टेपनीच.

"देवांची तोंडं मागं होतात, भाभी," करीमभाई म्हणाले. "चालतं?"

"मागून येऊन जो हॉर्न वाजवील, त्याला दर्शन घडेल."

मग करीमभाईंना चेवच चढला. कॅरियरच्या नळ्या पोकळ. एका नळीचं टोपण काढून आत सोवळ्याचं लुगडं गुंडाळून सारलं, दुसरीत उदबत्त्या. बॉनेटच्या आत, बॅटरीपासून वीतभर लांब, पट्टा मारून छोटी सहाण आणि तुपाची डबी. इंजिनच्या उबेनं तूप आपोआप पातळ. घंटा राहिली. ती मागच्या बंपरच्या पोकळीत, टोपणाआड टांगली. वाजू नये म्हणून तिच्या लोळीला मी कापूस गुंडाळला, आमच्याच शेतातला, वातींसाठी ठेवलेला.

सोमवारी पहाटे उठले. हे हातमोजे शोधत घरभर फिरत होते. मी वाती वळायला बसले, तर कापसाचा डबा रिकामा. वात रोज ताज्या कापसाची आणि घरच्या शेतातल्याच कापसाची वळायची, हाही नेमाचाच भाग. घरात कापूस म्हणून जो काही शिल्लक होता, तो बंपरमध्ये घंटेला गुंडाळलेला. विचार केला, घंटेचं एवढं काय? जाऊन काढून आणला, वाती वळल्या, तुपात बुडवून निरांजनात ठेवल्या. मग आंघोळ केली, देव डब्यात बसवले, बेलाची पानं ओल्या फडक्यात आणि गुळाचा खडा पुडीत बांधून तेही कव्हराआड सारलं. आंघोळीपासून मौन सुरू.

जीपजवळ आले तर आप्पासाहेब मफलर गुंडाळून पुढं बसलेले. ह्यांनी बॅटरी मारून जीप आतून तपासली. खण उघडून बघितले, फळीखाली वाकून बघितलं, माझे मोकळे हात बघितले.

"काय गं, देव घरीच राहिले वाटतं?"

मी गप्प. मौनात खोटं बोलावं लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे.

"आप्पा, शंखच आणावा लागणार," हे म्हणाले आणि गाडी काढली.

गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. त्यावरून मागची चाकं गेली आणि टिण्ण आवाज झाला.

"आप्पा, ऐकलं?"

"काय?"

"टिण्ण झालं."

"माझ्या कानावर मफलर हाय."

छावणीपर्यंत ठीक. दौलताबादच्या उतारावर पुन्हा टिण्ण. ह्यांनी गाडी बाजूला घेतली, नवीन जॅकेटासकट रस्त्यावर आडवे झाले आणि गाडीखाली शिरले. दोन पाय तेवढे बाहेर. "सगळं घट्ट हाय," आतून आवाज आला. मग पाय म्हणाले, "मनकर्णा, तुला ऐकू आलं का गं?"

ह्यांनी बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी मान हलवली. आलं.

"कुठून?"

मी मागं बोट दाखवलं. खरं तेच दाखवलं. हे मागं गेले, सायलेन्सर हातानं हलवून बघितला आणि "आयायायाय" करत परत आले. गरम असतो म्हणे.

खुलताबाद ओलांडलं, म्हैसमाळची चढण लागली. ह्यांना गाडीची परीक्षा घ्यायची होती, म्हणून डांबरी सोडून खडकाळ वाटेला लागले. तिथं मग टिण्ण-टिण्ण थांबेचना. गाडी डाव्या अंगावर कलली की एक, उजव्या अंगावर कलली की दोन. चढणीच्या शेवटाला तर साक्षात आरती सुरू झाली.

"तात्या, काकडआरतीला आल्यासारखं वाटतंय बघ," आप्पासाहेब म्हणाले.

"गप ए! चेसिसला तडा गेला असंल," हे रडवेल्या आवाजात म्हणाले. "एवढं वजन घातलं मी. खण, फ्रिज, कॅरियर. जीव गेला असंल तिचा."

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण बोलता येईना, आणि हसू दाबायला पदर तोंडात धरावा लागला. त्यावर हे आप्पासाहेबांना म्हणाले, "बघ, तिलापण टेन्शन आलंय."

पठारावर पोचलो. मार्गशीर्षातला वारा, अंगावर काटा उभा करणारा. खाली धुक्यात वेरूळची बाजू अजून झोपलेली. ह्यांनी गाडी उभी केली, मागं जाऊन दार हलवलं. टिण्ण! पुन्हा हलवलं. टिण्ण!

"सापडलं!" हे ओरडले. "स्टेपनी सैल झालीय! आप्पा, पान्हा दे."

 जीपच्या दिवशी आमचे हे आंघोळ करत नाहीत. चिखलात जायचंच असतं म्हणतात. शिळ्या अंगानं, ग्रीसनं माखलेल्या हातांनी हे आता कव्हर उतरवणार, आणि आत सासूबाईंनी दिलेला, आजवर कोणी ओवळ्यात न शिवलेला महादेव. पूजा व्हायची होती. बोलले तर मौन मोडतं, गप्प राहिले तर सोवळं मोडतं. दोन्हीकडून नेमच जाणार, आणि नेमाबरोबर माझा समुद्रही.

मी धावत मध्ये जाऊन उभी राहिले. हात जोडले.

"व्हय व्हय, डोंगरावरच्या देवीचं दर्शन घेऊ. आधी हे बघू दे."

मी ह्यांच्या अंगाकडे बोट दाखवलं आणि डोक्यावर तांब्यानं पाणी घेतल्याची खूण केली.

"डोकं दुखतंय? उपाशी असती ना तू. बस जा आत."

आप्पासाहेब म्हणाले, "वहिनी म्हणतायत, टोपी घाल."

ह्यांनी मला हलकेच बाजूला केलं आणि कव्हराच्या दोरीला हात घातला.

कॅरियरच्या कडेचा कॅन माझ्या खांद्याशीच होता. तोटीखाली ह्यांचा मोठा स्टीलचा मग अडकवलेला. रात्रभर उघड्यावर राहिलेलं पाणी. मी मग भरला, टाचा उंचावल्या आणि ह्यांच्या डोक्यावर पालथा केला. ह्यांच्या तोंडून आधी आवाजच फुटेना, तेवढ्यात दुसरा भरला. तिसऱ्याला आवाज फुटला. तो थेट खुलताबादेपर्यंत गेला असावा.

"अगं ए! अगं वेड लागलं का! अगं आई गं!"

आप्पासाहेब खडकावर बसून पोट धरून हसत होते. "तात्या, आंघोळ झाली रे तुझी! सोमवारची!"

मी मनातल्या मनात गंगा-यमुनांची नावं घेतली, ह्यांचे हात मगातल्या पाण्यानं चोळून धुतले आणि मग स्वतःच कव्हराची दोरी सोडली. आतल्या डब्याकडे बोट दाखवलं.

"मसाल्याचा डबा?" हे दात वाजवत म्हणाले. पंखाचा नट फिरवला, डबा हातात घेतला, झाकण काढलं, ताम्हन उचललं. मधल्या वाटीत पिंड.

 टेप नाही, इंच नाही. "आईचा महादेव," एवढंच हे म्हणाले आणि डबा कपाळाला लावला. अंगावरून पाणी निथळत होतं. ओलेत्यानं देवाला शिवायला कसलीच हरकत नसते.

मग मी बोट दाखवायचं आणि ह्यांनी काढून द्यायचं. बॉनेट उघडलं, सहाण आणि पातळ झालेलं तूप. "अरे! इथं?" नळीचं टोपण काढलं, लुगडं. "अरे करीम, हरामखोरा!" दुसऱ्या नळीतून उदबत्त्या. मी जीपच्या आडोशाला लुगडं नेसून आले, एका सपाट खडकावर पाणी शिंपडून त्याचा पाट केला, त्याच्यावर पूजा मांडली. पिंडीला पाणी घातलं, बेल वाहिला. पूर्वेला तांबडं फुटलं होतं. आरतीची वेळ झाली तेव्हा मी बंपरचं टोपण काढून घंटा ह्यांच्या हातात दिली.

ह्यांनी वाजवली. टिण्ण!

ह्यांनी घंटेकडे पाहिलं. मग जीपकडे. मग चटका बसलेल्या स्वतःच्या बोटांकडे. आणि मग माझ्याकडे. पण आरती सुरू झाली होती आणि आरतीत घंटा थांबवता येत नाही. कुडकुडत हे शेवटपर्यंत वाजवत राहिले. थंडीनं हात असा थरथरत होता, की मुद्दाम हलवायची गरज पडली नाही.

नैवेद्याला गूळ दाखवला. ह्यांनी अंगाला ब्लँकेट गुंडाळलं आणि पहिलं काम काय केलं, तर टेप काढला.

"नाय. हे चालणार नाय. स्टेपनी माझी. तिच्या पोटातली जागा माझी. बंपर माझा, नळ्या माझ्या. शर्त हरली ही. आप्पा, तू सांग."

आप्पासाहेबांनी गूळ चघळत जीपला एक फेरी मारली, अगदी साइटवर तपासणीला आल्यासारखी. "तात्या, परवा माझ्यापुढं तूच म्हणला होता ना, या गाडीत आता बोट शिरायला जागा उरली नाय?"

"म्हणलो होतो."

"मग जी जागा नव्हतीच, ती तुझी कशी? तुझ्या मोजणीत ती आलीच नाय. जिनं शोधली तिची."

हे टेप आत जाऊ देत, बाहेर ओढत उभे राहिले. मी तीर्थ घेतलं. मौन सुटलं.

"सोमनाथाला कधी निघायचं?" मी म्हणाले.

वाऱ्यात ह्यांना ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा म्हणाले, "सोमनाथाला कधी निघायचं?"

"ऐकलं मी," हे म्हणाले आणि सणकून शिंकले.

पौषात निघालो. निघायच्या आधी मी एकदा एकटीच करीमभाईंकडे जाऊन आले. पंखाचा नट काढून पान्ह्याचा नट बसवून घेतला आणि म्हटलं, चांगला आवळा. माझ्या हातानं तो हलेना, हे उघडच होतं. त्यामुळे रणात, त्या हाडं गोठवणाऱ्या पहाटे, तंबूबाहेर रोज आधी पाण्याचा आवाज यायचा, मग ह्यांचा, मग पान्ह्याचा. प्रवासभर आमच्या ह्यांची एकही आंघोळ चुकली नाही. नट का बदलला, ते अजून ह्यांना ठाऊक नाही. पंखाचा नट प्रवासात धक्क्यानं सैल होतो, असं करीमभाईंनी ह्यांना सांगितलंय.

आणि समुद्र पाहिला. सोमनाथाचं दर्शन घेऊन वाळूवर आलो. पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिले. लाट आली, पायाखालची वाळू घेऊन गेली. हे शेजारी येऊन उभे राहिले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. बराच वेळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होते.

"मनकर्णा," ह्यांनी सुस्कारा टाकला, "केवढी जागा गं!"

आणि हात खिशातल्या टेपकडे गेला.